काळा म्हणजे काळाच

अनंता, तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. फुलं, पणत्या, सगळं यथासांग. मग एकाने लिहिलं, 'सूटीकाका गेले. फार उत्साही माणूस. त्यांचा तो सूटी टर्न कायम लक्षात राहील.' पुढे एक हसरा चेहरा. त्याखाली आणखी चौघांचे हसरे चेहरे.

मी फोन पलंगावर आपटला. सुधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, गाढवं भेटली.

उत्साही म्हणे! आपल्याकडे उत्साही कोणाला म्हणतात माहितीये ना तुला? ज्याला काडीचं कळत नाही, पण चहाला आणि फोटोला जो पुढे असतो, त्याला. तू उत्साही नव्हतास. चिडका होतास, हट्टी होतास, सहाला भेटू म्हटलं की पावणेसहाला येऊन माझ्या नावाने बोटं मोडत उभा राहायचास. पण तुला कळत होतं. त्या ग्रुपातल्या अर्ध्याअधिक लोकांपेक्षा जास्त कळत होतं, आणि हे मी तू असताना एकदाही त्यांना ठणकावून सांगितलं नाही. त्यामुळे राग आधी माझा मलाच येतोय, मग त्यांचा.

तुझा जन्म कुठला, मागे कोण कोण, ते सगळं पेपरातल्या चौकटीत येऊन गेलं. फोटोही छापलाय. त्यात तू हसतोयस, त्यामुळे तो तुझा वाटत नाही. मला ते काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि एक गोष्ट कबूल करायचीय. मध्ये बोलू नकोस. आयुष्यभर बोललास.

आपली पहिली भेट आठवते? सुधाला संक्रांतीसाठी काळी साडी हवी होती म्हणून आम्ही हिंदमाताला तुझ्या दुकानात आलो होतो. मालकाचं दुकान, पण तू गादीवर असा बसलेला की आम्हाला तूच मालक वाटलास. कानावर पेन्सिल. सुधाने तीन काळ्या साड्या बाजूला काढल्या. मला तिन्ही सारख्याच, मी घड्याळाकडे बघत होतो. तू तिन्ही खांद्यावर टाकून उठलास आणि म्हणालास, "वहिनी, ट्यूबलाइटखाली सगळ्याच काळ्या. दारात चला." उंबऱ्यावर, बाहेरच्या उजेडात एकेक पदर उलगडलास. "ही कॉफी. ही नेव्ही. काळी ही एकच." आणि खरंच, तिथे मलासुद्धा दिसलं. दुसरा असता तर तिन्ही काळ्या म्हणून गळ्यात मारल्या असत्या. सुधा ती साडी अजून नेसते.

पुढच्या रविवारी शिवडीच्या जेट्टीवर मी नव्या दुर्बिणीतून चिखलात काहीतरी शोधत होतो, तर बाजूला तीच पेन्सिल, तोच कान. तुझ्या दुर्बिणीचा पट्टा तुटलेला, त्या जागी साडीचा जरीचा काठ शिवलेला. "साहेब, दुर्बीण उलटी नाय ना धरलीत?" सहा महिन्यांत 'साहेब'चा 'हेडक्लार्क' झाला आणि 'तुम्ही'चं 'तू'. मी विमा कचेरीत साधा क्लार्क, हेडक्लार्क कधी झालो नाही, हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणूनच म्हणायचास.

मी दादरचा, तीन पिढ्या खर्डेघाशी करणाऱ्या घरातला. तू काळाचौकीचा, घरात मालवणी आणि रागावलास की बाहेरही मालवणी. आपली मैत्री कशी जमली हे सुधाला अजून कोडं आहे. मला नाही. मी पक्षी पुस्तकातून बघायचो आणि तू कापडासारखा बघायचास. "ह्याची पाठ शेवाळी, काठाला मेंदी, पोटाला दुधी." झालं. पानं उलटून नाव शोधायचं काम माझं. आणि तू सांगितलेला रंग पुस्तकात सापडायचा. चित्रात नसला तरी खालच्या बारीक अक्षरांत सापडायचाच.

फोटोंवर तुझा विश्वास नव्हता. बायका व्हॉट्सअ‍ॅपवर साडी पसंत करतात, घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतात, रंग वेगळाच निघाला म्हणून. "फोनाक रंग कळना नाय," असं तू त्यांना सांगायचास, आणि मलाही.

आता त्या सकाळकडे येतो. गेल्या वर्षीचा आषाढ. तीन दिवस नुसता पिसाट वारा. असा वारा सुटला की खोल समुद्रातले पक्षी, जे जन्मात जमिनीकडे फिरकत नाहीत, ते थकून किनाऱ्यावर येऊन पडतात. तू पहाटेच फोन केलास, "हेडक्लार्क, ऊठ. समुद्रान काय टाकल्यान ता बघूया." दादर चौपाटीवर नारळ, चपला, प्लॅस्टिकचा ढीग, आणि त्याच्या पलीकडे, भिंतीच्या पायथ्याशी, तो. अंगाने कबुतराएवढा, पण पंख लांबच लांब, शेपटीपर्यंत पोचलेले. वरून गडद, खालून पांढरा, चिंब भिजून मान खाली घातलेला. चार कावळे त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते.

मी लगेच म्हटलं, "ब्रायडल्ड टर्न."

"कशावरून?"

"कशावरून काय? दर पावसाळ्यात एखादा सापडतो. तोच असणार."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा ट्यूबलाइटखाली साडी पसंत करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचास.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे आता तुझ्याखेरीज इतरांनीही वाचायला हवंय. हे दोन टर्न, म्हणजे समुद्रावरचे सुरय पक्षी, सख्ख्या भावांसारखे दिसतात. ब्रायडल्डची पाठ गडद तपकिरी आणि कपाळावरची पांढरी रेघ डोळ्याच्या मागपर्यंत गेलेली. सूटीची पाठ काळी आणि कपाळावरचं पांढरं डोळ्यापाशीच संपलेलं. पहिला आपल्याकडे येऊन जाऊन असतो. दुसरा आपल्या किनाऱ्यावर फार क्वचित कोणाला दिसलाय. आणि भिजले की दोघेही काळेच दिसतात.

"सुकांदे आधी," तू म्हणालास. "भिजलेल्या कापडाचो रंग सांगता तो गाढव."

मग आपण थांबलो. तू छत्री त्याच्यावर धरून उभा, स्वतः नखशिखान्त भिजत. मी हातात चप्पल घेऊन कावळ्यांच्या मागे. फोटो मी आल्या आल्या काढून घेतले होते, तीन, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, पिशवीवरूनच. मग फोन खिशात. तीन प्रती जोडल्या की काम झालं, ही माझी क्लार्काची अक्कल. एक बाई चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, बदक आहे का हो?" तू छत्री न हलवता म्हणालास, "नाय ओ. पाव्हणो आसा." बाईंनी त्याला नमस्कार केला आणि गेल्या. दोन तास असेच गेले. मी चारदा म्हटलं, चल आता, चहा घेऊ. तू चारदा ऐकलं नाहीस.

पाऊस थांबला, आभाळ जरा उजळलं, वारा होताच. त्याने अंग झटकलं, एकेक पीस चोचीतून ओढून सारखं केलं, मान वर केली. तू छत्री मिटलीस. "आता बघ."

त्याने पंख पसरले. त्याची पाठ काळी होती, अनंता. सुधाच्या संक्रांतीच्या साडीसारखी काळी. कपाळावरचं पांढरं डोळ्यापाशी येऊन थांबलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आठ पावलांवरून, स्वच्छ उजेडात. फोन खिशातच होता आणि त्याला हात लावायचं मला सुचलंसुद्धा नाही. चार पावलं तो वाऱ्यावर धावला आणि उठला, आणि सरळ समुद्रात, मागे न बघता. तू ओला हात कपाळाला लावलास. मला वाटलं डोळे पुसतोयस. पुसतच होतास बहुतेक.

माझ्या घरी बसून आपण नोंद भरली. पक्ष्यांच्या नोंदींचं ते संकेतस्थळ, तिथे इंग्रजीतच लिहावं लागतं अशी आपली उगीचच समजूत. तू सांगत होतास, मी टाइप करत होतो. "पाठ काळी. सुकल्यावर काळी. लिही." सुधाने आल्याचा चहा दिला होता. तो पीत तू पडद्याकडे कौतुकाने बघत होतास, आपलं म्हणणं जसंच्या तसं उतरतंय म्हणून.

ते तसं उतरत नव्हतं. कबूल करायचं म्हणालो ते हे.

एकतीस वर्षं मी विम्याच्या दाव्यांवर टिपण्या लिहिल्या. आमच्याकडे छातीठोक काही लिहायचं नाही अशी शिस्त. 'असे दिसते.' 'सकृद्दर्शनी.' 'शक्यता नाकारता येत नाही.' उद्या चौकशी लागली तर अंगाशी येऊ नये. हात तसेच वळतात रे, मेलेले. तू म्हणालास काळी, मी टाइप केलं 'ब्लॅकिश'. तू म्हणालास सुकल्यावर काळी, मी टाइप केलं 'अपियर्ड डार्क'. बरोबर दुसरा साक्षीदार कोण, असा एक रकाना होता. तो मी कोरा सोडला.

तो मात्र सवयीने नाही सोडला. तो भीतीने सोडला. ग्रुपात हसं झालं तर निदान माझं नको, असा विचार माझ्या डोक्यात आला होता. तू समोर बसला होतास, दोन तास माझ्यादेखत भिजला होतास, शिंकत होतास, आणि मी हा विचार केला.

आठवड्याने तिथल्या नोंदी तपासणाऱ्या परीक्षकाचं उत्तर आलं. माणूस सभ्य होता. फोटोतला पक्षी भिजलेला आहे. पाहणाऱ्याने स्वतःच रंग काळपट असल्याचं म्हटलंय. दुसरा साक्षीदार नाही. तेव्हा नोंद ब्रायडल्ड म्हणून बदलावी, ही विनंती. मी तुला ते वाचून दाखवलं, पण मधली दोन वाक्यं गाळून. तुझा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"तो माका रंग शिकवतलो?" तू म्हणालास. मग कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत, "साडीच्या दुकानातलो म्हणान, नाय?"

नाही रे. त्याला तू कोण हेही ठाऊक नव्हतं. त्याने माझंच वाक्य मला परत केलं होतं. हे त्या क्षणी तुला सांगायला हवं होतं, एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "जाऊ दे, चालायचंच."

गोष्ट ग्रुपवर पोचली आणि तुझं नाव सूटीकाका पडलं. तू ग्रुपाबरोबर यायचा बंद झालास. मी विचारलं तर म्हणायचास, गुडघे दुखतात. आणि माझ्याबरोबर शिवडीला तीन तास उभा राहायचास, तेव्हा गुडघे बरे असायचे. दर रविवारी एकच प्रश्न. "परत लिहिलंस त्यांका?" "लिहितो रे सवडीने." "सवड कधी गावतली तुका? रिटायर झालंस ना?" एकदा मी वैतागून म्हटलं, आपण दोघांनी बघितला ना, बस झालं, कागदावर काय आहे त्याने त्या पक्ष्याला काय फरक पडतो? तू दुर्बीण खाली ठेवलीस. "त्याका नाय पडणा. उद्या कोण वाचीत त्याका पडता. मी चाळीस वर्सां गादीवर बसलंय, कॉफी काळी म्हणान कधी इकूक नाय. आणि काळी कॉफी म्हणानय इकूक नाय." हे भांडण आपलं तिथेच राहिलं. मी हरलो होतो, पण तसं म्हटलं नाही.

परळच्या इस्पितळात त्या शेवटच्या गुरुवारी तुला बोलवत नव्हतं. तुझ्या उशाशी बसलेल्या वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि घशातून खरवडल्यासारखा एक शब्द काढलास. "लिहिलंस?"

मी म्हटलं, "हो. लिहिलं."

तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी फुकटात मिळवलेलं होतं. जाणाऱ्या माणसाशी लोक खोटं बोलतात, बरा होशील, उद्या घरी जाशील. ते खपून जातं. माझं खपायचं नाही, मीच खपू देणार नाही. खाली उतरून मी बसस्टॉपवर उभा राहिलो आणि दोन बस सोडल्या.

तेराव्याला तुझ्या घरी आलो. पानं उठल्यावर वहिनींनी कपाटातून एक वही काढली. दुकानातली ऑर्डरची जुनी वही, मागची कोरी पानं तू पक्ष्यांना दिलेली. "भावजी, ही तुमका द्यायला सांगितलेली." मी त्या आषाढाचं पान काढलं. टाचणीने लावलेले नखाएवढे दोन कापडाचे तुकडे. एकाखाली लिहिलेलं, 'कॉफी. हा नव्हे.' दुसऱ्याखाली, 'काळा. हा.' वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी माझ्याकडून निघून तू तसाच ओल्या कपड्यांनी दुकानात गेलास, रंग डोळ्यांत आहे तोवर ताके काढून जुळवलास, आणि मालकाच्या शिव्या खाऊन घरी आलास. आठ दिवस ताप होता. मला तापाचं सांगितलं होतंस. कापडाचं नाही.

आणि पानाच्या तळाशी, पेन्सिलीने, 'दोघांनी पाहिला. मी आणि दिगंबर.'

इतक्या वर्षांत तू मला दिगंबर म्हणून एकदाही हाक मारली नाहीस. मी जो रकाना कोरा सोडला तो तू तुझ्या वहीत त्याच दिवशी भरून टाकला होतास. मी तिथे, तुझ्या खाटेवर बसून, लाज सोडून रडलो. वहिनींना वाटलं तुझ्यासाठी रडतोय. तुझ्यासाठी होतंच, पण अर्धं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन हिंदमाताला गेलो. तुझ्या गादीवर आता एक चाळिशीचा गृहस्थ बसतो, बरा वाटला. त्याच्याकडे ग्लासभर पाणी मागितलं आणि उंबऱ्यावर उभा राहून दोन्ही तुकडे भिजवले. दोन्ही काळे. अगदी सारखे. परीक्षक खोटं बोलला नव्हता. तो गृहस्थ म्हणाला, "काका, काय चाललंय?" मी म्हटलं, "थांबा जरा. सुकांदे." माझ्या तोंडून मालवणी आलेली ऐकून तू हसला असतास. वीसेक मिनिटं आम्ही दोघं उभे. गिऱ्हाइकं वळसा घालून आत जात होती. हळूहळू एक तुकडा तपकिरी झाला. दुसरा काळाच राहिला. मी त्याला विचारलं, सांगा बघू. तो म्हणाला, "एक कॉफी, एक काळा. त्यात विचारायचं काय?"

बघ. दोन शब्दांत. मला वर्ष लागलं.

घरी येऊन नोंद नव्याने लिहिली, मराठीत. पाठ काळी. सुकल्यावर काळी. दिसते नाही, वाटते नाही, काळपट नाही. खाली स्वच्छ लिहिलं की आधीच्या नोंदीतले शब्द पाहणाऱ्याचे नव्हते, ते टाइप करणाऱ्याने स्वतःची कातडी वाचवायला घातलेले होते, आणि तो टाइप करणारा मी. पाहणारा माणूस चाळीस वर्षं काळा आणि तपकिरी यांतला फरक दिवसाउजेडी लोकांना दाखवत होता, हेही लिहिलं. दोन्ही तुकड्यांची अर्धी अर्धी कात्रणं पाकिटात घालून परीक्षकाच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवली. फोटो काढून पाठवले नाहीत. फोनाला रंग कळत नाही.

मग ग्रुपवर लिहिलं. 'सूटीकाका म्हणायचं बंद करा. त्यांचं नाव अनंत. तो सूटी टर्नच होता. मी त्यांच्याशेजारी उभा होतो आणि वर्षभर तोंड शिवून बसलो होतो. हसायचं असेल तर मला हसा.' एकाने हसरा चेहरा गुपचूप काढून टाकला. एकाने विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, या माझ्या घरी, दोन ग्लास पाणी भरून ठेवतो. एक मी पिईन, एक कापडावर ओतू.

परीक्षक मानेलच असं नाही. कापडाचा तुकडा म्हणजे पिसाचा पुरावा नव्हे, असं तो म्हणू शकतो, आणि त्याच्या खुर्चीतून ते बरोबरही असेल. म्हणू दे. पुन्हा पाठवीन. नाकारलं तर पुन्हा. मी जातीचा क्लार्क आहे रे, फेटाळलेला अर्ज पुन्हा करायचा कंटाळा मला कधी आलेला नाही. पुढच्या आषाढात वारा सुटला की छत्री घेऊन चौपाटीवर असेन, आणि फोन पिशवीबाहेर असेल.

तू मला बघायला शिकवलंस, हे कधी बोललो नाही. दारात चला, एवढंच तू सांगत होतास, सगळ्यांना, आयुष्यभर. मी फार उशिरा आलो दारात.

नोंदीतला तो शेवटचा रकाना आता कोरा नाही. दुसरा साक्षीदार: दिगंबर. पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर. बटण दाबलं तेव्हा सुधा मागे उभी होती. दुपारचे बारा वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

आता विचार, अनंता. विचार ना. लिहिलंस?

लिहिलं रे.